तिथी गुणिले पाऊण

आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होणार, तर जेवायला कुठे जायचं, हा प्रश्न घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फेब्रुवारीत पडला आणि पुढे महिनाभर तिथेच पडून राहिला. हॉल नको, स्टेज नको, खुर्चीवर बसवून औक्षण तर अजिबात नको, यावर एकमत होतं. काय हवं याबद्दल कुणालाच काही सुचत नव्हतं. शेवटी ज्यांचं लग्न त्यांनाच विचारावं असं ठरलं. बाबा म्हणाले, "घरी पिठलं करा." आई म्हणाली, "दिवाडी."

आईचं माहेर नार्व्याचं, गोव्यात डिचोली तालुक्यातलं. नार्व्यासमोर मांडवीत दिवाडी बेट आहे आणि बेटाच्या पलीकडे जुने गोवे. लहानपणी ३ डिसेंबरच्या फेस्ताला गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, दर्शनाला आणि मुख्य म्हणजे जत्रेतल्या खाज्यांसाठी ती सगळी भावंडं नार्व्याहून नदी ओलांडून दिवाडीवर उतरायची, बेट चालत पार करायची आणि पुन्हा नदी ओलांडायची. "त्या बेटावरनं मी पन्नास वेळा गेले असेन," आई म्हणाली, "पण तिथे बसून कधी घास खाल्ला नाही. नुसती वाट होती ती आमची." तिचा देवसुद्धा दिवाडीवरनंच आलेला. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ बेटावर होतं, पोर्तुगिजांनी ते पाडलं तेव्हा देव नदी ओलांडून नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. हे आई अशा सुरात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, महाराजांनी आधी तिच्या आजोबांना विचारलं होतं.

तर दिवाडी. भाच्याने लगेच फोनवर शोधून नदीकाठचं एक घरगुती हॉटेल काढलं. फोटोत पाण्याला लागून टेबल, टेबलावर तळलेला मासा, मागे माड. ठरलं. आता फक्त तारीख ठरवायची, असं आम्हाला वाटलं. पुण्याहून चार तासांवर कुठे जायचं असतं तर तारीख खरंच आम्ही ठरवली असती.

लग्नाची तारीख मेच्या मध्यावर, आणि त्या दिवशी शनिवार. शनिवारी काका मासे खात नाहीत. मग पुढचे-मागचे दिवस बघू. सोमवारी वहिनी खात नाही. गुरुवारी मावशी खात नाही. मंगळवारी संकष्टी, ती तर सगळ्यांचीच. शुक्रवार मोकळा, पण शुक्रवारी भाच्याला रजा नाही. सात वारांत बारा माणसं बसवताना माझ्या लक्षात आलं की आपण धार्मिक नाही असं म्हणणाऱ्या आमच्या घरात मासे खायला आठवड्यातून दीड दिवस उरतो. जून टाळायचाच होता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, आणि एवढ्या लांब जाऊन बर्फातला सुरमई कोण खाणार?

इथपर्यंत बाबा गप्प होते. मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. बाबा वेंगुर्ल्याचे. कालनिर्णय १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचे, त्यामुळे ते पंचांग म्हणजे आपल्या तालुक्याशेजारचंच काम, अशी त्यांची भावना आहे. चष्मा लावून त्यांनी लग्नाच्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नवमी. चिखल बघत जेवाल."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी वहीच्या पाठीवर गणित मांडलं. कोकणात किनाऱ्यावर वाढलेल्या बहुतेक म्हाताऱ्यांना हे येतं: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. सकाळी तीच, संध्याकाळी साधारण तीच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. नवमीला पावणेसात. म्हणजे पावणेसातला पाणी भरलेलं आणि त्यानंतर सहा तासांनी, आम्ही सोलकढीचा पहिला घोट घेणार तेव्हा, पाणी तळाला. "आणि अष्टमी-नवमीचं पाणी मुळात भांगाचं," बाबा म्हणाले. "उधाणाला चढतं तसं चढतही नाही. फोटोतलं टेबल पाण्याला लागून आहे म्हणता, तो फोटो काढला त्या दिवशी तिथी काय होती?"

भाच्याने फोटो मोठा करून बघितला. फोटोत तिथी नव्हती.

मला या गणिताचं नेहमी नवल वाटतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, आणि तिथीमागे पाऊण तास धरला की हिशेब जवळपास जुळतो. ज्या माणसांनी हे शोधलं त्यांच्या हातात घड्याळ नसणार. गरज मात्र होती. होडी कधी लोटायची, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला कधी उतरायचं, खाडी पायी कधी ओलांडता येईल. आम्हाला फक्त बाराजणांचं टेबल लावायचं होतं.

बाबांना दुपारी एक-दीडला भरती हवी होती. म्हणजे द्वितीया. शुद्ध किंवा वद्य, कुठलीही, पण द्वितीया. बोट पुढे सरकलं आणि बरोबर आठ दिवसांनी थांबलं: वद्य द्वितीया, रविवार. पौर्णिमेचं उधाणही अजून जुनं झालेलं नसणार, पाणी चांगलं वर येणार. रविवारी आमच्यात मासे खाणारे सगळेच खातात. काकांनी एकदा खात्री करून घेतली की रविवारी आपण काही पाळत नाही ना. आई म्हणाली, "लग्न झालं त्या दिवशी तिथी बघितली ती गुरुजींनी. आज बघितली ती माशासाठी. चालेल."

मी हॉटेलला फोन लावला. पलीकडून एका बाईंचा आवाज: "किती जाण?" बारा म्हटल्यावर थोडी शांतता. मग त्या मराठी-कोकणी मिसळून बोलायला लागल्या. मासे सांगायचे तर आदल्या दिसा सांगूंक जाय, आदल्या दिवशी सांगायला हवं. ऐन वेळी चौघांचं होतं, बाराजणांचं नाही; पणजीचा बाजार गाठायचा तर फेरीबोटीनं नदी ओलांडायची, आणि बेटावर दुपारी कोणी मासा घेऊन दारात येत नाही. चोणक मिळाला तर चोणक, नाहीतर शेवटे. काळुंदर हवा असेल तर तो मानशीवर अवलंबून. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल, शेतांच्या बांधाला मानस असते, भरतीचं पाणी अडवणारी आणि ओहोटीचं सोडणारी लाकडी दारं. ओहोटी लागली की तिच्या तोंडाशी जाळं लावतात आणि आत शिरलेलं सगळं परत जाताना त्यात सापडतं. "उधाण आसल्यार बरें गावता," बाई म्हणाल्या. मी फोनवर हात ठेवून बाबांकडे बघितलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर पन्नास वर्षांत आईला न दिसलेलं समाधान होतं. ताटाशेजारचं पाणी आणि ताटातला मासा, दोन्ही एकाच चंद्राच्या हवाली.

शाकाहारी दोघं, त्यांना खतखतें, म्हणजे मिसळीच्या भाज्या. केक नको, आई घरून मणगणें, म्हणजे चणाडाळीची खीर, करून आणणार. बाहेरचं गोड चालणार नाही का, या माझ्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, हाडात, आमकांय दियात; आणा, आम्हालाही द्या. एवढ्यात सगळं ठरलं. डिपॉझिट वगैरे शब्दही निघाला नाही.

त्या रविवारी आम्ही जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोहोचलो. धक्क्याकडे जाताना व्हाइसरॉयची कमान लागते. पोर्तुगीज आमदानीत नवा व्हाइसरॉय नदीकडून यायचा आणि या कमानीखालून शहरात शिरायचा. आम्ही उलट्या दिशेने, मणगण्याचा डबा मांडीवर धरून, दोन गाड्या घेऊन बाहेर पडलो. फेरीबोटीत गाड्या मोजक्याच मावतात, रविवारी रांग असते, म्हणून तास हातचा ठेवलेला. चालत येणाऱ्याला तिकीटच नाही हे कळल्यावर काका गाडीतून उतरले आणि पायी चढले. तत्त्वाचा प्रश्न, म्हणाले.

नदी ओलांडायला पाच मिनिटं. बस्स. दिवाडी दूर आहे असं म्हणणं तसं खोटंच. जुन्या गोव्याचे चर्च समोर दिसतात, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. पण या पाच मिनिटांवर पूल नाही. बेटावरून कोकण रेल्वे जाते, तिला पूल आहे, पण ती थांबत नाही. वर्षानुवर्षं मुंबईची माणसं आईच्या बेटावरून धडधडत जातात, जशी ती स्वतः खाज्यांसाठी जायची. फेरीबोटीच्या कठड्याला धरून आई नार्व्याच्या दिशेला बघत होती. नार्वे तिथून दिसत नाही. मी सांगितलं नाही, तिला माहीतच असणार.

साडेबाराला टेबलावर बसलो. समोर नदी, आणि नदीच्या अलीकडे सहा-सात हात चिखल. चिखलात लहान खेकडे. सगळ्यांनी बाबांकडे बघितलं.

"दीडला," बाबा म्हणाले.

दीड वाजला. सोलकढी झाली, तिसऱ्यांचं सुकं झालं, चोणकाच्या तुकड्या आल्या, उकड्या तांदळाचा भात आला. पाणी चढत होतं, पण अजून दोन हात चिखल शिल्लक. बाबांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, जणू दोष घड्याळाचा. मग मालकीणबाई स्वतः काळुंदर घेऊन आल्या आणि त्यांना प्रकरण कळलं. हसल्या. हें दर्यांतलें गणित, म्हणाल्या, न्हंयेक वेळ लागता. भरती समुद्रातून मांडवीत शिरते, पणजी, रायबंदर करत वर येते, तिला यायला वेळ नको का? बाबांनी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याचा हिशेब नदीला लावला होता.

आई मनापासून हसली. पन्नास वर्षांत तिने त्यांना गणितात चुकताना पहिल्यांदा पकडलं होतं, आणि तेही तिच्या नदीवर.

सव्वादोनला पाणी आलं. आवाज न करता, टेबलाखालच्या पायरीला लागलं आणि थांबलं. खेकडे दिसेनासे झाले. तोवर मासे संपले होते आणि आम्ही मणगणें खात होतो. फोटोतल्यासारखा फोटो काढायचा तर ताटात नुसते काटे होते. भाच्याने तरी काढला. मालकीणबाईंनी वाटीतलं मणगणें चाखून आईला विचारलं, तूं नार्व्याची? चवीवरून कळलं की बोलण्यावरून, देव जाणे. त्यानंतर त्या दोघी जे बोलत बसल्या त्यात आम्हाला जागा नव्हती.

परतीची फेरी चुकू नये म्हणून मी घाई करत होतो, तेव्हा बाबांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि बिलाच्या मागे आकडे लिहायला लागले. तिथी दर वर्षी अकराने पुढे सरकते, म्हणजे पुढल्या वर्षी लग्नाच्या तारखेला वद्य पंचमी. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. नदीचा पाऊण तास वेगळा. साडेचार.

"म्हणजे जेवण नाही," त्यांनी जाहीर केलं. "चहाला यावं लागेल."

"चहासाठी कोण पुण्याहून बेटावर येतं?" आई म्हणाली.

मालकीणबाई ताटं गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "येयात मगो. च्या आसल्यार आदल्या दिसा सांगूंक नाका."