मनाई हुकूम मोडला, आता पुढे?
तूर्तातूर्त मनाई (दावा चालू असतानाची कोर्टाची तात्पुरती बंदी) असूनही समोरच्याने बांध फोडला, तर थेट हायकोर्टात अवमान याचिका टाकायची घाई नको. ज्या दिवाणी न्यायालयाने हुकूम दिला, तिथेच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) आदेश ३९ नियम २अ खाली अर्ज करा. मालमत्तेची जप्ती आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद, दोन्ही तिथे मिळू शकतात. जप्ती वर्षभरच टिकते. तोवर उल्लंघन थांबलं नाही तर लिलाव.

अर्ज बहुतेकदा पडतो तो पुराव्यावर. हुकूम समोरच्याला माहीत होता हे दाखवावं लागतं, म्हणून रजिस्टर पोस्टाची पोचपावती जपा. हुकमात गट नंबर आहे पण चतुःसीमा (जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी) नाहीत, असं असेल तर ‘तो बांध माझ्याच हद्दीत’ ही पळवाट ठरलेलीच! मोबाईलमधले फोटो जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र विसरू नका.