गुरुजी, एकच कागद न्या

सातवीचं किंवा आठवीचं इतिहासाचं पुस्तक उघडा, पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’. भौतिक, लिखित, मौखिक, प्रत्येकाची दोन-चार उदाहरणं, जूनमध्ये धडा उरकतो आणि मग वर्षभर कुणी एकही साधन डोळ्यानं बघत नाही. आपल्या खान्देशात तर हे जास्तच खटकतं, कारण मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करत गावोगाव फिरलेले वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही इथंच आहे.

मी लायब्ररीवाला माणूस. शिक्षक येतात, बहुतेकांचं एकच, ‘काहीतरी जुनं दाखवा ना, पोरं घेऊन येतो’. या की, पण साठ पोरं काचेच्या कपाटासमोरून लायनीत सरकली की त्यांच्या डोक्यात ‘हात लावू नका’ एवढंच राहतं. म्हणून मी सांगतो, पोरं नंतर आणा, आधी कागद न्या, आणि तोही एकच. परवानगी घेऊन फोटो काढा, मोठी झेरॉक्स मारा, चार-पाच पोरांत एक द्या आणि पहिली दहा मिनिटं आपण गप्प बसा. हे शेवटचंच सगळ्यात जड जातं, शिक्षकाला गप्प बसवत नाही भो!

आणि खरं सांगू का, पहिला कागद लायब्ररीत शोधूच नका, शाळेच्या कपाटात बघा. जुनी जिल्हा परिषद शाळा असेल तर दाखल-खारीज रजिस्टर असतंच. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला हीच रजिस्टरं चाळली गेली, त्यामुळे पोरांनी घरी त्याचं नाव ऐकलेलं असतं. नाव, जात, जन्मतारीख, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण. एका शाळेत असंच एक पान वाटलं होतं, मला वाटलं पोरं शेवटच्या रकान्यावर अडकतील, कारण तिथं ‘शेतीकाम’, ‘परगावी गेला’, ‘सतत गैरहजर’ असं खाली खाली लिहीत गेलेलं. पण मागच्या बाकावरची एक पोरगी जन्मतारखेवर बोट ठेवून म्हणते, ‘सर, इतला जन एकच दिनले जल्मनात का?’ अर्ध्या पानावर १ जून! आता हे आपल्याला माहिती आहे, घरी तारीख कुणाला ठाऊक नसायची, मग नाव घालताना वय बसेल अशी १ जून गुरुजीच टाकून द्यायचे. पण वर्गात त्यावरून जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं, कुणी म्हणे माझ्या आजोबांच्या आधारवर पण १ जूनच आहे, कुणी म्हणे मग हे रजिस्टर खोटं का. सही आहे, शिक्का आहे, सरकारी आहे, आणि तरी तारीख खरी नाही. पण मग तोच कागद दुसरं काहीतरी खरं सांगतो, की जन्माची तारीख लिहून ठेवायची गरज त्या घरांना शाळेत येईपर्यंत पडलीच नव्हती. साधनाची चिकित्सा म्हणतात ती हीच, आणि ती करायला मोडी यावी लागत नाही.

एक काळजी मात्र घ्यायची. झेरॉक्स काढताना नावांवर पट्टी लावा, कारण त्यातल्या कुणाचा तरी नातू समोर बसलेला असतो. जातीचा रकाना झाकायचा का यावर शिक्षकांचं आणि माझं जमत नाही. मी म्हणतो ठेवा, कोण शाळेत आलं आणि कोण चौथीच्या आतच गळलं हे त्याशिवाय दिसणारच नाही.

दुसरा कागद म्हणून १८८० चं खान्देशचं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे सरकारनं लिहवून घेतलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, ते नेटवर फुकट मिळतं. त्यातला भिल्लांवरचा एखादा परिच्छेद मराठी करून द्या, सोबत एवढं सांगा की १८१८ ला इंग्रज इथं आले, १८२५ ला आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली, आणि हे लिहिणारे त्याच सरकारचे लोक आहेत. नंदुरबारकडच्या वर्गात तर ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचीच पोरं वाचणार, तेव्हा ‘लिहिणारा कोण, कुणासाठी लिहितोय’ हे वेगळं शिकवावं लागत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख गणिताच्या सरांना घेऊन करा. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा तो लेख, शके ११२८. त्यात ७८ मिळवा, इसवी सन पोरंच काढतील. मोडी पत्रावर शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरची एक कालगणना, असेल तर ५९९ नाहीतर ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मेच्या शेवटी-शेवटी बदलतं.

फैजपूरचं १९३६ चं काँग्रेस अधिवेशन पुस्तकात एका ओळीत संपतं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. त्या दिवसांतला पेपर आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी बापाकडून ऐकलेलं, दोन्ही शेजारी ठेवून बघा, जुळत नाही तिथंच तास रंगतो.

आमच्याकडे यायचं असेल तर आधी फोन करा आणि ‘काहीतरी जुनं’ असं न म्हणता धडा कोणता, गाव कोणतं ते सांगा, म्हणजे आम्ही कागद काढून ठेवतो. येताना पेन नको, पेन्सिल आणा, आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा.