मांजराचा त्रिकोण बंद का होत नाही?

मुलांना कोडिंग का शिकवावं, याचं उत्तर क्लासच्या जाहिरातींत बहुधा ‘करिअर’ असतं. सहावीतल्या पोराचं करिअर सध्या राहू द्या. आधी त्याला स्क्रॅचमध्ये, म्हणजे तयार ब्लॉक जोडून पडद्यावरचं मांजर चालवायच्या भाषेत, एक त्रिकोण काढायला सांगा.

स्क्रॅच फुकट आहे, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालं, 2007 पासून लोकांच्या हातात आहे. ब्राउझरमध्ये चालतं, आणि इंटरनेटचा भरवसा नसेल तर लॅपटॉपवर उतरवूनही घेता येतं. मोबाईलवर मात्र नाद सोडा. एवढ्याशा पडद्यावर ब्लॉक ओढताना मूल पाच मिनिटांत वैतागतं. जुना लॅपटॉप आणि माऊस पुरे.

डावीकडे खाली एक्स्टेन्शनचं बटण असतं, तिथून ‘पेन’ जोडायचं, म्हणजे मांजर चालेल तिथे रेघ उमटते. मग पेन डाउन, आणि चौरसासाठी: रिपीट 4, आत मूव्ह 100, टर्न 90. मांजर चौरस काढून मोकळं होतं. आता त्रिकोण. मुलाला शाळेत पाठ झालेलं असतं की समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन 60 अंशांचा. ते रिपीट 3, मूव्ह 100, टर्न 60 असं लावतं आणि सुरू करायचा हिरवा झेंडा दाबतं.

पडद्यावर येते ती उघडी वाटी. तीन बाजू आहेत, पण त्रिकोण नाही. वैतागून पुन्हा झेंडा दाबला तर आणखी तीन बाजू जोडल्या जातात आणि चक्क सुसम षटकोन तयार होतो!

आईबाबांनी नेमकं इथेच तोंड बंद ठेवायचं. ‘अरे, 120 टाक’ म्हटलंत की सगळा धडा वाया गेला. त्यापेक्षा फरशीवर खडूने त्रिकोण काढा आणि मुलाला त्याच्या रेघेवरून चालायला सांगा. कोपऱ्यावर आल्यावर नाक कुठे आहे? सरळ पुढे. तिथून पुढच्या बाजूकडे वळायला किती फिरावं लागलं? 60 तर नक्कीच नाही, चांगलंच गर्रकन फिरावं लागलं. 180 वजा 60, म्हणजे 120. वहीतला 60 हा आंतरकोन, चालणारा वळतो तो बाह्यकोन. तीन वळणं मिळून 360, म्हणजे एक पूर्ण गिरकी. चौरसात 90 चालून गेलं, कारण तिथे दोन्ही कोन सारखेच असतात. बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने आलं होतं, ते त्रिकोणाने उघडं पाडलं.

गणितज्ञ सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा केली. तिच्यातलं कासव (इथल्या मांजरासारखं, सांगू तसं चालून रेघ ओढणारं) पुढे याच कामासाठी प्रसिद्ध झालं: स्वतःच्या अंगाने चालून भूमिती समजून घेणं. कोडिंग मुलांना शिकवावं ते यासाठी. वहीत चूक झाली की लाल फुली मिळते आणि विषय संपतो. इथे चूक पडद्यावर उभी राहते, तिला आकार असतो आणि त्या आकारावरून कारण शोधता येतं.

एकदा 360 चा नियम हाती लागला की पोरं सुटतात. पंचकोनाला 72, षटकोनाला 60 (मघाचं कोडं इथे उलगडतं). सप्तकोनाला मात्र भागाकार पूर्ण जात नाही. मूल 51 टाकतं, सात वळणांचे 357 होतात आणि शेवटी साधारण 6 पावलांची फट राहते. अशा वेळी ‘ऑपरेटर्स’ या गटातला भागाकाराचा ब्लॉक घ्यायचा आणि त्यात 360 भागिले 7 भरायचं. भागाकार संगणक करेल.

सप्तकोन काढताना आणखी एक अडचण येते. स्टेज, म्हणजे मांजर फिरतं तो चौकोन, 480 बाय 360 चं असतं, म्हणजे मधोमधपासून खाली फक्त 180. 100 ची बाजू घेऊन मधून सुरुवात केली तर आकृती खाली सुमारे 219 पर्यंत जायला बघते आणि कडेबाहेर पडते. म्हणून सुरुवात वाय 100 वरून, म्हणजे मधापासून 100 वर, करावी. झेंड्याखाली पाच ब्लॉक हवेतच: इरेज ऑल, पेन अप, गो टू एक्स 0 वाय 100, पॉइंट इन डिरेक्शन 90, पेन डाउन. इरेज ऑल नसेल तर जुन्या रेघा तशाच राहतात. पेन अप विसरलं तर जुन्या जागेपासून नव्या सुरुवातीपर्यंत एक आगाऊ रेघ ओढली जाते. दिशा ठरवली नाही तर अर्धवट राहिलेल्या आकृतीनंतरची पुढची आकृती तिरकी येते. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा या पाचांतच सापडतं.

वय म्हणाल तर आठच्या पुढे. त्याआधी स्क्रॅचज्युनिअर ही लहानग्यांसाठीची सोपी आवृत्ती आहे, पण घाई नसावी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात धरलं आहे. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास पुरे. तयार कोड बघून उतरवायला लावणारा क्लास, मग प्रमाणपत्र कितीही चकचकीत असो, पैसे घालवायचा धंदा आहे. आणि ‘एआय लिहून देतो की’ म्हणणाऱ्यांसाठी: त्याने 60 लिहून दिलं तर ते चूक आहे हे ओळखणार कोण?

झेंडा दाबण्याआधी काय दिसेल ते वहीत काढून ठेवायची सवय लावा. मग चांदणी द्या. पाच टोकांसाठी टर्न 144. पाच वळणांचे 720, म्हणजे दोन गिरक्या. सात टोकांच्या चांदणीला दोन वेगळी उत्तरं आहेत, ती मुलांनाच शोधू द्या. सहा टोकांची मात्र अशी एका रेघेत निघत नाही. 720 भागिले 6 केलं की 120 येतात आणि मांजर तोच त्रिकोण दोनदा गिरवतं.