क्युशूतल्या दोन अवघड जागा: ताकेताचा डोंगर आणि फुकुओकाचं मेडिकल कॉलेज

जपानला जाणारे आपले बहुतेक लोक टोकियो, क्योटो, हिरोशिमा करून परततात. क्युशू बेटावर कोणी गेलंच तर बेप्पूचे गरम पाण्याचे झरे आणि आसोचा ज्वालामुखी बघायला. आसोवरून पूर्वेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ताकेता नावाचं डोंगरातलं छोटं शहर आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. १९४५ साली फुकुओकाच्या विद्यापीठात पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांवर जिवंतपणी शस्त्रक्रियेचे प्रयोग झाले. त्यातले बरेचसे ताकेताच्या डोंगरांत पडलेल्या विमानातले होते. ते वाचल्यापासून या दोन्ही ठिकाणी जायचं मनात पक्कं होतं. नवऱ्याला घेऊन जाऊन आले. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली सूचना क्रमाची. फुकुओकाचा विमानतळ शहरातच असल्यामुळे सगळे आधी तिथलं बघतात. शक्य असेल तर आधी ताकेताला जा. फुकुओकात ही माणसं फक्त बळी म्हणून समोर येतात. ताकेतात ती आकाशातून उतरलेली विशी-पंचविशीतली पोरं असतात.

५ मे १९४५. क्युशूतल्याच ताचिआराईच्या लष्करी विमानतळावर बॉम्ब टाकून ग्वाम बेटावरच्या तळाकडे परत निघालेलं एक बी-२९ हे अमेरिकन बॉम्बफेकी विमान या डोंगरांवरून जात होतं. विमानाचा कप्तान मार्विन वॉटकिन्स आणि त्याचे दहा साथीदार त्यात होते. किन्झो कासुया या जपानी वैमानिकाच्या लढाऊ विमानाची त्याला धडक बसली. कासुया जागीच गेला. बी-२९मधली माणसं पॅराशूटने उतरली ती थेट शेतांत आणि रानात. गावोगाव बॉम्ब पडत होते, घरची तरुण मुलं आघाडीवर मरत होती. हाताला लागेल ते घेऊन लोक धावले. काही वैमानिक तिथेच मेले, उरलेले पकडून लष्कराच्या ताब्यात दिले गेले. वॉटकिन्सला चौकशीसाठी टोकियोला नेलं आणि त्यामुळे तो वाचला. ज्यांच्याकडून माहिती मिळण्यासारखी नाही त्यांची विल्हेवाट ज्या त्या विभागाने आपल्या पातळीवर लावावी, असं टोकियोचं धोरण होतं. बाकीचे फुकुओकात राहिले ते त्यापायी.

१९७७ मध्ये ताकेताच्या डोंगरात एका स्थानिक शेतकऱ्याच्या पुढाकाराने या सगळ्यांचं स्मारक उभं राहिलं. जपानी नाव ‘जुन्कू नो ही’. अमेरिकन वैमानिक आणि कासुया, दोघांचीही आठवण एकाच ठिकाणी ठेवली आहे. मला सगळ्यात जास्त भिडलं ते हेच. ज्या मुलखातले लोक त्या दिवशी भाले-काठ्या घेऊन धावले होते, त्याच मुलखाने शत्रूच्या पोरांसाठी दगड उभा केला आणि दर वर्षी ५ मेला तिथे कार्यक्रम ठेवला. कुणी सांगितलं म्हणून नाही, सरकारी आदेश म्हणून नाही. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं. दगडाच्या पायथ्याशी वाळून तपकिरी झालेल्या फुलांची जुडी होती आणि भोवतालचं गवत नुकतं कापलेलं होतं. म्हणजे अजूनही कोणीतरी येऊन झाडलोट करतं.

जायचं कसं: फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून शिनकानसेन बुलेट ट्रेनने कुमामोतो आणि तिथून होही मार्गाने आसोवरून बुंगो-ताकेता. किंवा ओइताला जाऊन तिथून तोच मार्ग उलट्या दिशेने. कुमामोतोकडून गेलात तर आसोच्या विवराच्या आतून गाडी जाते, तो प्रवासच सुंदर आहे. या मार्गावर गाड्या कमी आहेत, एक चुकली तर बराच वेळ जातो, म्हणून परतीची वेळ आधीच लिहून ठेवा. उत्तर क्युशूचा रेल्वे पास या मार्गावर चालतो. जूनपासून पावसाळा आणि पुढे वादळं. डोंगरातला मार्ग आहे, पावसात गाड्या रद्द होऊ शकतात. २०१६च्या भूकंपानंतर आसोजवळचा टप्पा थेट २०२०मध्ये पुन्हा सुरू झाला, यावरून अंदाज घ्या.

स्मारक स्टेशनपासून पायी जाण्यासारखं नाही. टॅक्सी करा किंवा गाडी भाड्याने घ्या. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो आणि गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून. फक्त रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत, अंधार पडायच्या आत खाली या. स्मारकाचं नाव जपानी लिपीत फोनवर तयार ठेवा. आम्ही ते टॅक्सीवाल्या आजोबांना दाखवलं. त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं, मान हलवली आणि पूर्ण वाटेत रेडिओ बंद ठेवला. ५ मेच्या कार्यक्रमाला जायचं असेल तर लक्षात घ्या, तो जपानमधल्या मोठ्या सुट्ट्यांचा आठवडा असतो. हॉटेल आणि रेल्वेची आरक्षणं कित्येक आठवडे आधी करावी लागतात. गावात रोख पैसे लागतात. वेळ उरला तर ओका किल्ल्याचे अवशेष बघा, तटावरून हे सगळे डोंगर दिसतात.

आता फुकुओका. विमानतळापासून हाकाता मेट्रोने पाच मिनिटं. नाकासु-कावाबाताला गाडी बदलून हाकोझाकी लाइनने माइदाशी-क्युदाई-ब्योइन-माए या स्टेशनला उतरा. क्युशू विद्यापीठाचं वैद्यकीय संकुल तिथेच आहे. त्याच संस्थेच्या शरीररचनाशास्त्र विभागाच्या विच्छेदनगृहात १७ मे ते २ जून १९४५ या काळात आठ अमेरिकन वैमानिकांवर जिवंतपणी प्रयोग झाले. त्यातले बरेचसे वॉटकिन्सच्याच विमानातले. शस्त्रक्रिया विभागाचे प्राध्यापक फुकुजिरो इशियामा यांच्या हाताखाली कुणाचं फुफ्फुस काढलं गेलं, कुणाच्या यकृतावर, कुणाच्या मेंदूवर सुरी चालली. रक्ताऐवजी समुद्राचं पाणी चालेल का, हे बघायला ते शिरेतून सोडलं. तोशिओ तोनो तेव्हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. समुद्राच्या पाण्याची ती बाटली धरून तो उभा होता. पुढे फुकुओकातच स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्यावर त्याने हे आयुष्यभर सांगितलं, लिहिलं. त्याच्या सांगण्यानुसार त्या कैद्याने विरोध केला नाही, कारण आपल्यावर उपचार होणार आहेत असंच त्याला वाटलं.

हे वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. टेबलावर पडलेला माणूस आपल्याकडे ज्या नजरेने बघतो ती मला माहीत आहे. भूल देण्याआधीचा तो अर्धा मिनिट पूर्ण विश्वासाचा असतो. तोच विश्वास तिथे वापरला गेला, म्हणून या गुन्ह्याला मी युद्धातल्या इतर क्रौर्यांत मिसळू देत नाही.

युद्ध संपल्यावर हे कैदी हिरोशिमाला पाठवले होते आणि अणुबॉम्बमध्ये मेले, अशी खोटी नोंद तयार केली गेली. ती टिकली नाही. इशियामाने १९४६मध्ये तुरुंगात गळफास घेतला. १९४८मध्ये योकोहामाच्या लष्करी न्यायालयाने २३ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. एकाचीही अंमलात आली नाही. शिक्षा कमी झाल्या आणि काही वर्षांत सगळे सुटले.

विद्यापीठाचं वैद्यकीय इतिहास संग्रहालय एप्रिल २०१५मध्ये उघडलं आणि त्यात या प्रकरणाचाही उल्लेख केला गेला. काचेच्या कपाटांतल्या जुन्या उपकरणांच्या मानाने तो मजकूर फार थोडा आहे, शोधावा लागतो. तो ठेवला याचं मला मोल वाटतं, पण सत्तर वर्षं लागली आणि जागा एवढीच दिली, हेही खटकतं. ताकेताच्या शेतकऱ्याकडे ना विद्यापीठ होतं ना निधी, तरी तो अडतीस वर्षं आधी पोचला. संग्रहालय रोज उघडं नसतं, जायच्या आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिवस आणि वेळ बघाच. भाषांतराचं अ‍ॅप आणि इंटरनेट हवं. फोटो काढायचा तर आधी विचारा. आणि हे चालू रुग्णालय आहे, दारात पेशंट आणि नातेवाईक असतात. मोठ्याने बोलत, बोट दाखवत फिरू नका.

त्याच दिवशी मेट्रोने ओहोरी-कोएन किंवा आकासाकाला उतरून माइझुरू पार्कमध्ये जाता येतं. फुकुओका किल्ल्याच्या या परिसरात पश्चिम विभागाच्या लष्कराचं मुख्यालय होतं. १९ जूनच्या रात्री दोनशेहून जास्त बी-२९ विमानांनी शहर जाळलं, नऊशेच्या वर माणसं मेली. दुसऱ्याच दिवशी आठ वैमानिकांची मुंडकी उडवली गेली. तलवार चालवणाऱ्यांत एक अधिकारी असा होता की त्याची आई आदल्या रात्रीच्या आगीत गेली होती. त्याचं दुःख मला कळतं, पण बांधलेल्या माणसाच्या मानेवर तलवार चालवायचा हक्क त्यातून मिळत नाही. ऑगस्टमध्ये शहराच्या दक्षिणेला आबुरायामा डोंगरावर पुन्हा तेच झालं. शेवटची तुकडी तर १५ ऑगस्टला, सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केल्यानंतर मारली. आबुरायामा आज सहलीचं ठिकाण आहे. वर जायचं तर टॅक्सी सोयीची, पण मारलं ती नेमकी जागा शोधत बसू नका.

खाण्याबद्दल थोडक्यात. फुकुओकाचं प्रसिद्ध रामेन डुकराच्या हाडांच्या रश्शाचं असतं आणि साध्या भाजीतही माशाचं पाणी असू शकतं. शाकाहारी असाल तर दुकानात मिळणारे उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) भरलेले ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे आणि सोबत खाकरे, मेतकूट यांवर दिवस निघतो. ताकेताला जाताना डबा हाकातालाच भरून घ्या.

मुलं बारा-तेराच्या आतली असतील तर त्यांना ताकेताला जरूर न्या, संग्रहालयात नको. आणि या दोन्ही जागा एका दिवसात बसवू नका. डोंगरातून आल्यावर रात्र फुकुओकात काढा, संग्रहालय दुसऱ्या दिवशी सकाळी बघा आणि त्यानंतरची दुपार मोकळी ठेवा.