तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या बागेतलं तण

“वैनी, बागेत गवत माजलंय की ओ, माणूस पाठवू काय?” कोल्हापुरात आमच्या रमणमळ्यातलं कुणी ना कुणी दर पावसाळ्यात फाटकाशी थांबून विचारतंच. नका पाठवू. तो टाकळा आहे, रानभाजी. मृगाच्या सरी झाल्या की वर येतो, संध्याकाळी पानं मिटून घेतो. कोवळा आहे तोवर लसणाच्या फोडणीत, मूगडाळ घालून. पिवळी फुलं धरली की पानं चरबट होतात, मग मीच उपटते. त्याच्या जोडीला कुर्डू, कुंड्यांच्या कडेनं घोळ. आणि हो, मंडईतली मेथी परवडते आम्हाला.

“ना खत, ना फवारणी, आपसूक आलेलं, याच्याइतकं शुद्ध काय असणार?” हे मी सगळ्यांना ऐकवायचे. २०१९ पर्यंत.

त्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या खिडकीला लागली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. ओसरलं तेव्हा बागेत वीतभर गाळ. गणपती उठेपर्यंत त्या गाळावर घोळ अशी फोफावली की बघत राहावं! लालबुंद देठ, गुबगुबीत पानं, मोडलं की कट् वाजायचं. मी तोंडात घातली नाही. गाळात सगळ्या गावाचं गटार आलंय, एवढं कळत होतं मला. पण शेजारच्या काकूंनी मागितली तेव्हा बुट्टीभर काढून दिली. का? नाही म्हटलं असतं तर माझंच ‘शुद्ध’ माझ्यावर उलटलं असतं. “चार पाण्यानं धुवा,” एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी काकूंना सलाईन.

पुरानंतर गल्लीत घरटी एकाला जुलाब होते. पाणी खराब, टाक्या खराब. काकूंनी भाजीचं नाव कधी काढलं नाही. मीही नाही.

पुढच्या मृगाला सगळी बाग खुरप्यानं खरवडून काढली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पूर. तरी टाकळा आलाच, आणि आता मी खातेसुद्धा. पाणी शिरलं त्या साली काही खायचं नाही, असा नियम केलाय. गाळाची माती व्हायला एक साल पुरतं काय, ते मात्र मला विचारू नका.

परवा काकूंनी कुंपणावरून हाक मारली, “टाकळा आला काय गं?”

“अजून कोवळा नाही झाला, काकू,” म्हटलं. दुपारीच लसणावर परतला होता मी.