अडीच फूट हवेत गेलेला कठडा (वाड्याचं मॉडेल, नोंद ९)

पुढच्या चौकाचं काम संपत आलं होतं. खांब, तळखडे (खांबांखालचे दगड), हस्त (तुळईला खांबातून दिलेले तिरके टेकू), वरचा कडीपाट (कड्या-फळ्यांचं लाकडी छत), सगळं जागेवर. या आठवड्यात एकच आकडा बदलायचा होता. त्यात तीन संध्याकाळी गेल्या.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: आजोळचा वाडा पाडायच्या आधी मामांनी आणि मी तो टेपने मोजून घेतला होता. मापं वहीत फूट-इंचात आहेत. त्यावरून फ्रीकॅड या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल चाललंय, पुढे १:२५ प्रमाणात छापायचं आहे. सगळी मापं खणावर, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरावर बेतलेली. खण ही स्प्रेडशीटमधली एक पेशी, तिला टोपणनाव दिलेलं (पेशी पिवळी होते ती), आणि बाकीचे आकडे एक्स्प्रेशनने, म्हणजे सूत्राने, तिला बांधलेले. निदान माझी तशी समजूत होती.

खण मी १६५० मिमी धरला होता. वही पुन्हा चाळताना दिसलं की ५ फूट ५ इंच हे माप ओटीवरचं आहे, चौकाच्या सोप्यात खण सरळ ५ फूट आहे. म्हणून १५२४ टाकले आणि रिकम्प्यूट केलं, म्हणजे मॉडेल पुन्हा मोजून घेतलं. खांब सरकले, तुळया आखडल्या, कडीपाट आटोपशीर झाला. माडीचा पूर्वेकडचा कठडा मात्र होता तेवढाच राहिला आणि शेवटच्या खांबाच्या पुढे हवेत निघाला.

म्हणजे कुठेतरी आकडा हाताने टाकलेला. पण कुठे? डॉक्युमेंटमध्ये २१४ ऑब्जेक्ट्स (मॉडेलचे सुटे घटक) आहेत आणि त्यातल्या निम्म्यांची नावं अजून 'पॅड०३७', 'स्केच०५२' अशीच आहेत. ट्रीमध्ये (ऑब्जेक्ट्सच्या यादीत) उजवी क्लिक करून शोधाची पट्टी उघडली, कठडा टाइप केलं. एक सापडला, तोही पश्चिमेचा. कारण लाजिरवाणं आहे. सुरुवातीला मी लेबलं रोमनमध्ये लिहीत होतो आणि एकाच कठड्याची स्पेलिंगं चार: कुठे मधे एक 'ए' जास्त, कुठे कमी, कुठे शेवटी दोन 'ए', आणि एका ठिकाणी चक्क 'रेलिंग'. आपण वाचताना सगळं कठडाच वाचतो, सॉफ्टवेअर तसं वाचत नाही. देवनागरी लेबलं चालतात, पण तिथेही 'खांब' आणि 'खाम्ब' हे दोन वेगळे शब्द ठरतात. ओटीवरचे दोन खांब असेच मला महिनाभर सापडत नव्हते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, मला उशिरा समजली. प्रत्येक ऑब्जेक्टला दोन नावं असतात. आतलं नाव जन्माच्या वेळी मिळतं आणि बदलता येत नाही. लेबल आपण हवं तेव्हा बदलतो. पायथन कन्सोलमधलं 'गेटऑब्जेक्ट' आतल्या नावाने शोधतं, 'गेटऑब्जेक्ट्सबायलेबल' लेबलाने, आणि 'फाइंडऑब्जेक्ट्स'ला रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना) देता येतं. शेवटच्याने चारही स्पेलिंगं एका ओळीत गोळा झाली. मग लेबलं बिनधास्त बदला: एक्स्प्रेशनमध्ये लेबल वापरलं असलं तरी तिथलं ते आपोआप बदलतं.

डिपेंडन्सी ग्राफही, म्हणजे कोण कोणावर अवलंबून आहे त्याची आकृती, काढून पाहिला (त्याला ग्राफविझ हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं). वडाच्या पारंब्यांचा फोटो आला. बंद केला.

कठडे सापडले, पण हाताने टाकलेला आकडा नाही. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी व्हेरिएबलकडून, म्हणजे खणाकडून, शोधायला घेतलं. ऑब्जेक्टच्या 'एक्स्प्रेशनइंजिन' या प्रॉपर्टीत जोड्यांची यादी असते: कोणती प्रॉपर्टी, कोणत्या सूत्राला बांधलेली. सगळ्या ऑब्जेक्ट्सवर फिरणारं चार ओळींचं लूप लिहिलं आणि सूत्रात खण आहे अशा जोड्या छापल्या. ६३ आल्या. यादी बघून बरं वाटलं, पण थोड्या वेळाने लक्षात आलं की हिचा मला काडीचा उपयोग नाही. बांधलेलं सगळं यादीत येणारच, आणि मला हवा होता न बांधलेला आकडा. तो व्हेरिएबलचं नाव शोधून कसा सापडणार?

म्हणून उलटं केलं. प्रत्येक स्केचच्या कन्स्ट्रेंट्समधून (रेषांना घातलेल्या मापांच्या बंधनांतून) अंतरं घेतली, ज्यांना एक्स्प्रेशन नाही तेवढीच ठेवली, आणि त्यातली १६५० च्या पटीतली कोणती ते पाहिलं. फरकाला ०.०१ मिमीची सूट दिली. ११ निघाली. तीन खरोखर चुकलेली होती (एक तुळई, कडीपाटाच्या दोन कड्या), ती बांधून टाकली. बाकीची आठ योगायोगाची. त्यात दिंडी दरवाजाची उंचीही होती, कारण ती नेमकी १६५० आहे. कठडा मात्र यादीत नाही.

तिसऱ्या दिवशी कंटाळून मेजर टूलने नुसतं मोजलं, कठडा शेवटच्या खांबापुढे किती गेलाय ते. ७६२ मिमी. हा आकडा पाहिला आणि हसूच आलं. ७६२ म्हणजे बरोबर अडीच फूट. त्या बाजूला सहा खण आहेत आणि प्रत्येक खण ५ इंचांनी कमी झालाय: ३० इंच. कठडा १६५० च्या हिशोबाने केला असता तर ७५६ मिमी पुढे आला असता. म्हणजे हा अगदी पहिल्या दिवसांतला, स्प्रेडशीट करायच्याही आधीचा. तेव्हा मी वहीतला आकडा तसाच टाकत होतो, ३२ फूट ६ इंच. फ्रीकॅड फूट-इंच मुकाट घेतं, पण फाइलमध्ये मिलिमीटरच ठेवतं: ९९०६. आणि ५ फूट ५ इंच म्हणजे १६५१, मी स्प्रेडशीटमध्ये गोल करून १६५० केले होते. सहा खणांत ६ मिमीचा फरक. इतके महिने कठडा ६ मिमी बाहेर होता. १:२५ ला तो पाव मिमीसुद्धा होत नाही, दिसणार कुठून!

लूपमध्ये १६५० च्या जागी १६५१ घातले. कठडा आला, आणि सोबत जिन्याच्या वरची चौकटही आली, तिच्यावर तर माझा संशयही नव्हता.

ज्यांना पायथन नको असेल त्यांच्यासाठी: फ्रीकॅडची एफसीस्टँडर्ड फाइल ही आतून झिप असते. तिची प्रत काढून उघडा, आत 'डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल' मिळेल. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये आकडा शोधा, सूत्रं आणि कन्स्ट्रेंट्स दोन्ही तिथे वाचता येतात. फक्त शोधताना मिलिमीटर टाका, आणि त्या प्रतीत काही बदलू नका.

आता मॉडेल फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत आणलंय, म्हणून स्प्रेडशीट सोडून व्हेरिएबल सेट (मापं एकत्र ठेवणारा ऑब्जेक्ट) वापरतोय. स्प्रेडशीटमध्ये एक पेशी बदलली की त्या शीटवर टेकलेलं सगळं पुन्हा मोजलं जायचं, माझ्या जुन्या लॅपटॉपवर तेवढ्यात चहा व्हायचा. आता दोन सेट: एकात इमारतीची मापं, दुसऱ्यात छपाईची (प्रमाण, भिंतीची किमान जाडी). ओटीचा खण आणि सोप्याचा खण वेगळे केले. लेबलं सगळी देवनागरीत, मजला-बाजू-वस्तू-क्रमांक अशा क्रमाने. कॉपी केली की मागे ००१ चिकटतं, ते लगेच काढतो.

पुढच्या नोंदीत दिंडी दरवाजा. त्याची १६५० उंची कोणत्याही व्हेरिएबलला बांधणार नाहीये. मामांचं डोकं तिथे आपटायचं, ते तसंच राहू दे.