वायपरच्या मोटारीवर नूर्बुर्गरिंग

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी सकाळी पोचलो तेव्हा खिशात एक चिठ्ठी होती: ट्रकच्या वायपरची मोटार, २४ व्होल्ट, नग दोन, जुळ्या मिळाल्या तर उत्तम. दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठली?" म्हटलं, "खुर्ची." त्याने पुढे काही विचारलं नाही. २८०० रुपयांत जोडी दिली आणि बॅटरी लावून दोन्ही फिरवून दाखवल्या.

कॉम्प्युटरवरच्या कार रेसिंग गेमसाठी स्टिअरिंग आणि पेडल दोन वर्षांपासून घरात होतेच. आता गाडीबरोबर हलणारी खुर्ची हवी होती. पडद्यावर गाडी जिवाच्या आकांताने वळणात शिरते आणि आपलं बूड मात्र ढिम्म, एवढंच खटकत होतं. मोठ्या सिम्युलेटरला (खऱ्या वाहनासारखं हलणाऱ्या यंत्राला) लांब-आखूड होणारे सहा पाय असतात. त्या रचनेला स्ट्युअर्ट नावाच्या इंजिनिअरचं नाव आहे, त्याच्या १९६५च्या निबंधामुळे. पण एरिक गॉफ या इंजिनिअरने तशीच रचना त्याआधीच डनलॉप या टायर कंपनीमध्ये टायर तपासायला वापरली होती. सहा पाय माझ्या खिशाला झेपणारे नव्हते. मी दोन मोटारींवर भागवायचं ठरवलं. सीटच्या खाली मधोमध एक सांधा, मागे डावी-उजवीकडे एकेक मोटार. दोन्ही एका दिशेने फिरल्या की सीट पुढे-मागे झुकते, उलट-सुलट फिरल्या की कुशीवर.

यातली गंमत अशी की सीट कुठे जात नाही, नुसती कलते. १० अंश पुढे कलली की वजनाच्या साधारण १७ टक्के ओढ पुढच्या बाजूला लागते, अंग पट्ट्यावर रेलतं. डोळे पडद्यावर खिळलेले असतात, त्यामुळे मेंदू त्याला ब्रेक समजतो.

सांध्यासाठी मारुती ओम्नीच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस घेतला, सीट भंगारातल्या वॅगन-आरची. नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड करून घेतली. वेल्डिंगवाले मामा दोनदा विचारून गेले, "साहेब, ह्याच्यावर नेमकं बसणार कोण?"

पहिली चूक तिथेच झाली. सांधा मी सीटच्या मापाच्या मधोमध लावला, पण बसलेल्या माणसाचं वजन काही मापाच्या मधोमध नसतं. घरी आणून बसलो तर सगळा भार मागे. मोटारी हलवायच्या ऐवजी मला उचलत होत्या आणि दहा मिनिटांत हात लावता येईना इतक्या तापल्या. मी मोठ्या मोटारी शोधायला लागलो. तेव्हा बायको म्हणाली, "अरे, आधी सीसॉसारखं तोलून तरी बघ." जमिनीवर गोल पाइप ठेवला, त्यावर फळी, फळीवर सीट, सीटवर मी, आणि सरकत सरकत तोल सापडला. सांधा ७ सेंटीमीटर मागे हवा होता. परत नऱ्हे, परत मामा. उरलेल्या भाराला मागे मोटरसायकलचे दोन जुने शॉकअप टेकू म्हणून दिले. त्याच मोटारी मग विनातक्रार चालल्या.

इलेक्ट्रॉनिक्स तापकीर गल्लीतून आणलं: एक आर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येतो असा छोटा बोर्ड), मोटारींना करंट सोडणारे दोन आयबीटी-२ ड्रायव्हर, २४ व्होल्टचा एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय. गेममधून गाडीच्या हालचालीचा डेटा सिमटूल्स हे सॉफ्टवेअर उचलतं, आर्डुइनोतला एसएमसी-३ प्रोग्रॅम मोटारीला सांगतो कुठवर जायचं, आणि मोटार आत्ता कुठे आहे हे तिच्या शाफ्टला जोडलेला पोटेन्शिओमीटर कळवतो, ० ते १०२३ या आकड्यांत. मधली जागा ५१२. हा पोटेन्शिओमीटर मी उलटा जोडला होता. मोटार मध्याकडे येण्याऐवजी लांब पळते, चूक वाढलेली दिसते, मग आणखी जोरात पळते. कट्ट असा आवाज आला आणि पोटेन्शिओमीटरची दांडी तुटून हातात आली. सीटवर कुणी नव्हतं, नशीब. इलाज म्हणजे टोकाच्या दोन वायरींची अदलाबदल. मोटारीने कुठवरच फिरायचं ही प्रोग्रॅममधली मर्यादाही आधीच घालायला हवी होती. त्याच संध्याकाळी कारखान्यात असतं तसं मोठं लाल इमर्जन्सी बटण आणलं. ते दाबलं की मोटारीचा करंट तुटतो, आणि मोटारीत वर्म गिअर (वरच्या वजनाने उलटा न फिरणारा) असल्यामुळे सीट धाडकन खाली न येता आहे तिथेच थांबते.

मग आर्डुइनोचं कॉम्प्युटरशी असलेलं यूएसबी कनेक्शन अधूनमधून तुटायला लागलं. मोटारीच्या ब्रशची ठिणगी हे कारण निघालं, टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावले आणि शांत झालं. दोन्ही मोटारी एकदम उलट्या फिरल्या की एसएमपीएस बंद पडायचा, म्हणून दुसरा आणून प्रत्येक मोटारीला वेगळा दिला.

पीआयडीच्या, म्हणजे मोटारीने चूक किती जोरात सुधारायची हे ठरवणाऱ्या पी, आय, डी या तीन आकड्यांत तीन आठवडे गेले. पी वाढवला की सीट चपळ होते, आणखी वाढवला की ताप आल्यासारखी थरथरते. डी थोडा दिला, आय शून्यच ठेवला. पण ज्याने मला खरं छळलं ते आकड्यांत नव्हतंच. माझे पेडल जमिनीवर, हलते फक्त सीट. ब्रेक मारला की सीट पुढे कलते, त्यामुळे पाय आणखी दाबला जातो, त्यामुळे गाडी आणखी ब्रेक लावते, सीट आणखी कलते. पहिल्याच वळणावर चाकं लॉक. शेवटी पुढचं कलणं निम्म्यावर आणलं आणि ब्रेकखाली कडक रबर घातलं. आता ४ अंशांत जे जाणवतं ते आधीच्या ९ अंशांत जाणवत नव्हतं. तेव्हा नुसतं झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटायचं.

गेममध्ये जर्मनीतला नूर्बुर्गरिंग हा रेस ट्रॅक आहे. त्याच्या २०.८ किलोमीटरच्या उत्तर वळशात कारुसेल नावाचं काँक्रीटचं, आत झुकलेलं वळण आहे. तिथे सीट मस्त कुशीवर जाते, पण काँक्रीटच्या सांध्यांचे दणके काही येईनात. वायपरची मोटार संथ आहे, तिच्याकडून ते होणारही नाही. सीटखाली एक बास शेकर (आवाजाऐवजी थरथर देणारा स्पीकर) स्क्रूने बसवला, तेव्हा दात वाजले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "गिरणी टाकलीत का हो?" गोठ्यात गाईंखाली घालतात तो जाड रबरी मॅट दोन पदरी घातला आणि रात्री नऊनंतर बंद, असं त्यांच्याशी ठरलं.

सगळा खर्च वीस हजारांच्या थोडा वर गेला, दुसऱ्यांदा केलेलं वेल्डिंग धरून. डावी मोटार अजून अर्ध्या तासाने गरम होते. तिला जुन्या कॅबिनेटमधला पंखा झिपटायने बांधून ठेवलाय.